गाजराची कोशिंबीर आणि संप्रेरकांचे गणित

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसतिगृहात एका नव्या व्रताने प्रवेश केला. या व्रताला ना कहाणी होती, ना उद्यापन. सामग्री मात्र ठरलेली : एक कच्चे गाजर, चमचाभर खोबरेल तेल, थोडे व्हिनेगर आणि मीठ. गाजराच्या लांब पातळ पट्ट्या काढायच्या, त्यात हे सारे कालवायचे आणि रोज न चुकता खायचे. फळ काय? तर शरीरातील 'हार्मोन्स' संतुलित होतात, चेहऱ्यावरचे फोड जातात, मासिक पाळी घड्याळासारखी नियमित येते!

मी हे सुट्टीत घरी सांगितले तेव्हा आई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "अगं, कोशिंबिरीचं औषध कधीपासून झालं?" आई शाळेत चौथीपर्यंतच गेली. पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी मी ग्रंथालयाची वाट धरली. जे समजले ते माझ्या मैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवते.

हे व्रत आले कोठून? अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात रे पीट नावाचे एक जीवशास्त्राचे अभ्यासक होते. २०२२ साली त्यांचे निधन झाले. कच्च्या गाजरातील न पचणारा चोथा आतड्यातील नको असलेले इस्ट्रोजेन आपल्याबरोबर बाहेर नेतो, असे ते अनेक वर्षे सांगत असत. त्यांच्या हयातीच्या अखेरीस तिकडच्या तरुणींनी टिकटॉकवर या कोशिंबिरीची चित्रफीत केली आणि पाहता पाहता ती जगभर गेली. टिकटॉकवर आपल्या देशात २०२० पासून बंदी आहे, पण वाऱ्याला कुंपण कोण घालणार? तीच चित्रफीत दुसऱ्या वाटेने आमच्या खोलीत आली.

आता संप्रेरक म्हणजे काय ते पाहू. मानसशास्त्राच्या तासाला अंतःस्रावी ग्रंथींचा भाग आपण शिकतोच. या ग्रंथी आपला स्राव थेट रक्तात सोडतात आणि तो दूरच्या अवयवाला निरोप पोहोचवतो. 'हार्मोन' हा शब्द स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली वापरात आणला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ 'चालना देणे'. आपला 'संप्रेरक' हा शब्दही तेच सांगतो. इस्ट्रोजेन हे त्यांपैकी एक. परंतु इन्सुलिन हेही संप्रेरकच आणि गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा स्राव हाही संप्रेरकच. म्हणजे 'हार्मोन्स बिघडले' असे म्हणणे हे 'घरात काहीतरी बिघडले' असे म्हणण्यासारखे आहे. काय बिघडले ते कळल्याशिवाय कोणाला बोलवायचे, सुताराला की गवंड्याला?

तरीही पीट यांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वापरून झालेले इस्ट्रोजेन यकृतात एका रासायनिक गाठोड्यात बांधले जाते आणि पित्ताबरोबर आतड्यात उतरते. तेथील काही जिवाणू हे गाठोडे सोडतात आणि त्यातील काही इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शिरते. आहारात चोथा, म्हणजेच तंतुमय भाग भरपूर असेल, तर त्याला परत फिरण्याची संधी कमी मिळते आणि ते शौचावाटे निघून जाते. १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाकाहारी स्त्रियांच्या शौचातून जास्त इस्ट्रोजेन बाहेर पडते आणि त्यांच्या रक्तात ते कमी असते, असे आढळले. १९९१ च्या दुसऱ्या एका अभ्यासात स्त्रियांना रोज गव्हाचा कोंडा दिला, तेव्हा दोन महिन्यांत रक्तातील इस्ट्रोजेन उतरले. मक्याच्या आणि ओटच्या कोंड्याने मात्र तसे झाले नाही.

येथेच खरी गोम आहे. या अभ्यासांत स्त्रियांचा रोजचा सगळा आहार मोजला होता किंवा कोंडा चांगला मापाने दिला होता. एका गाजराची गोष्ट तेथे नव्हती. हिशेब करून पाहा. मध्यम आकाराचे गाजर साधारण ६० ग्रॅमचे. त्यात तंतुमय भाग जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. आपल्याला दिवसाला तो २५ ते ३० ग्रॅम तरी हवा. उलट १०० ग्रॅम ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे ७० ग्रॅम पिठाची एक भाकरी सात ग्रॅम देते, चार गाजरांइतका! चोथ्यानेच काम होणार असेल, तर मान भाकरीचा, मटकीच्या उसळीचा आणि भोगीच्या मिसळीच्या भाजीचा. पण भाकरीची चित्रफीत कोण पाहणार?

दुसरी गोष्ट अशी की, इस्ट्रोजेन ही काही घाण नव्हे की जितकी काढावी तितके बरे. महिनाभरात त्याची पातळी चढते आणि उतरते. बीज बाहेर पडण्यापूर्वी ती कित्येक पटींनी वाढते, आणि ती वाढायलाच हवी. २००९ साली अमेरिकेतच सुमारे २५० तरुण स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्या आहारात चोथा सर्वांत जास्त होता, त्यांच्यात बीज न सुटलेल्या पाळ्याही अधिक आढळल्या. याचा अर्थ चोथा वाईट असा मुळीच नाही. पण रक्त न तपासता 'तुझे इस्ट्रोजेन वाढले आहे' असे सांगणारी चित्रफीत आणि हात न पाहता भविष्य सांगणारा ज्योतिषी यांत मला फारसा फरक दिसत नाही.

हे सारे मी एवढ्या तळमळीने का लिहिते, त्याला कारण आहे. माझ्या खोलीतील मैत्रिणीची पाळी चार महिने आली नव्हती. (तिच्या परवानगीने लिहिते, नाव मात्र लिहीत नाही.) ती सदा थकलेली असे, थंडी तिला इतरांहून अधिक वाजे, केस गळत. घरी सांगायची लाज. आमच्याकडे या विषयाला अजून 'कावळा शिवला' याखेरीज नाव नाही. मग तिने गाजर धरले. पुढे पुढे रात्रीचे जेवण सोडून नुसती कोशिंबीर खाऊ लागली. जेवण फार तोडले तरी पाळी थांबते, हे तिला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. शेवटी एके दिवशी ती जिन्यात चक्कर येऊन बसली, तेव्हा मी तिला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी शांतपणे सारे विचारले आणि रक्त तपासायला दिले. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले होते. आता ती रोज सकाळी उपाशीपोटी एक लहानशी गोळी घेते. दोन महिन्यांनी पाळी आली, तेव्हा तिने मला पेढा दिला. पाळीचा पेढा खाणारी मी पहिलीच असेन!

तिचे चार महिने गाजराने घेतले नाहीत, लाजेने घेतले. गाजराने त्या लाजेला एक सोयीचे पांघरूण दिले, इतकेच. दवाखान्यात जायला बोलावे लागते, कोशिंबीर करायला तोंड उघडावे लागत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या चार खुणा येथे लिहून ठेवते. पाळी तीन महिने आली नाही, दोन पाळ्यांत २१ दिवसांहून कमी किंवा ३५ दिवसांहून जास्त अंतर वारंवार पडू लागले, रक्तस्राव फार होऊ लागला किंवा चेहऱ्यावर राठ केस येऊ लागले, तर दवाखाना गाठावा. आणि गुरुजनांना एक विनंती. वर्षातून एकदा तरी एखाद्या डॉक्टरबाईंचे व्याख्यान महाविद्यालयात ठेवावे आणि ते मुलग्यांनीही ऐकावे. उद्या तेही कोणाचे भाऊ, पती, वडील असणारच.

आणि कोशिंबीर? ती जरूर खावी. गाजर किसावे, दाण्याचे कूट, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर घालावी आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी. गाजरातील रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते आणि तेलामुळे ते रंगद्रव्य अंगी लागते. आमच्या आईला यातले काही ठाऊक नाही, पण तिची फोडणी कधी चुकली नाही. ताटात तिने कोशिंबिरीला डावीकडची जागा दिली आहे, भाकरी आणि उसळीच्या सोबतीने. ती तेथेच शोभते. औषधाच्या फळीवर तिला कशाला बसवायचे?