पाळीव सशातील श्वसनकष्ट : कारणे, लक्षणे व उपचारदिशा
(नाशिकच्या हवामानाच्या संदर्भात)

घरी पाळलेला ससा शिंकू लागला किंवा त्याचे नाक वाहू लागले, की त्याला सर्दी झाली असे म्हणण्याचा सर्वत्र प्रघात आहे. मनुष्याचे पडसे चार-सहा दिवसांत आपोआप ओसरते. सशाचेही तसेच होईल असे गृहीत धरले जाते आणि या प्रतीक्षेत उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. वस्तुतः मनुष्याचे पडसे आणि सशाचे चोंदलेले नाक या दोन अवस्थांत नावापलीकडे फारसे साम्य नाही. मनुष्याला नाक बंद झाल्यावर तोंडाची वाट मोकळी असते. सशाला ती व्यवहारतः नसते. सशाच्या श्वसनकष्टाचा विचार या एका शारीरिक वस्तुस्थितीपासून सुरू केला, तर निदान, शुश्रूषा आणि निवारा या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यातूनच कशी निघतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. श्वसनमार्गाची रचना

सशाच्या घशात श्वासनलिकेच्या तोंडावरील झापड, म्हणजे कंठच्छद, मृदुतालूच्या वरच्या अंगास टेकलेले असते. त्यामुळे नाकातून आलेली हवा सरळ श्वासनलिकेत उतरते आणि तोंडाचा मार्ग या प्रवाहापासून जवळजवळ तुटलेला राहतो. या रचनेचा लाभ असा, की चरत असतानाही सशाला अखंड श्वास घेता येतो व शत्रूचा गंध टिपता येतो. तोटा असा, की नाकपुड्या व त्यांमागील अरुंद पोकळ्या स्रावाने भरल्या, तर पर्यायी वाट उरत नाही. मान उंचावून तोंडाने श्वास घेणारा ससा हा म्हणूनच अंतिम निकराला आलेला प्राणी समजावा.

दुसरी गोष्ट छातीची. सशाचे उदर विशाल असून त्या मानाने छातीची पोकळी लहान असते. विश्रांतीच्या वेळी त्याचे श्वसन बरगड्यांपेक्षा मुख्यत्वे श्वासपटलाच्या हालचालीवर चालते. पोट वायूने फुगले किंवा प्राण्याला उताणे धरले, तर उदरातील अवयवांचा भार श्वासपटलावर पडतो. नाक तपासण्यासाठी सशाला उताणा करण्याची सवय श्वसनकष्टात प्राणघातक ठरू शकते, ती यामुळे.

२. लक्षणे

विश्रांत, निरोगी सशाचा श्वास मिनिटाला साधारणतः ३० ते ६० वेळा चालतो व शरीराचे तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. नाकाचे परिचित फुरफुरणे म्हणजे श्वासाची गती नव्हे. श्वास मोजावयाचा तो कुशीच्या हालचालीवरून, आणि तोही ससा स्वस्थ बसला असताना, त्याला हात न लावता.

आरंभीची लक्षणे सहज नजरेआड होतात. ससा हा भक्ष्य प्राणी असल्याने दुर्बलता लपविण्याची त्याची प्रवृत्ती उपजत आहे. तो पुढच्या पायांनी नाक पुसतो. त्यामुळे नाकपुड्या कोरड्या दिसल्या तरी पायांच्या आतील बाजूचे केस चिकटून गुठळ्या झालेल्या आढळतात. अनुभवी पशुवैद्य नाकाइतकेच लक्ष या पायांकडे देतो ते याचसाठी. पुढील अवस्थेत घरघर, घट्ट पांढरा स्राव, डोळ्यांतून पाणी, चारा अर्धवट टाकणे ही लक्षणे येतात. नाकपुड्या प्रत्येक श्वासागणिक फाकणे, कुशी खोलवर आत जाणे, कोपरे अंगापासून दूर ठेवून मान ताणणे, ओठ निळसर होणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब करावा लागतो.

३. कारणमीमांसा

संसर्गजन्य कारणांत पाश्च्युरेला मल्टोसिडा या जंतूचे नाव प्रथम घेतले जाते. कोंबड्यांतील कॉलराचे कारण असलेला हाच जंतू लुई पाश्चरच्या लसविषयक संशोधनाचा एक पाया ठरला व त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १८८८ साली ऑस्ट्रेलियातील सशांच्या उपद्रवाचा नायनाट या जंतूने करण्याची योजना पाश्चरने आपला भाचा आद्रियाँ ल्वार याच्यामार्फत तेथे मांडली होती. आजाऱ्याकडून निरोग्याकडे रोग हवा तसा पसरत नाही आणि पक्ष्यांना मात्र धोका संभवतो, असे दिसून आल्याने ती मान्य झाली नाही. जंतू उपस्थित असणे आणि रोग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही या प्रसंगातून मिळणारी शिकवण पुढे अधिक स्पष्ट झाली. १९२०नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत लेस्ली वेब्स्टर याने सशांच्या श्वसनरोगाचा पद्धतशीर अभ्यास केला. निरोगी दिसणाऱ्या अनेक सशांच्या नाकात हा जंतू निवास करतो, आणि रोग उद्भवणे वा न उद्भवणे हे प्राण्याच्या प्रतिकारशक्तीवरही मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हा विचार त्या अभ्यासाने पुढे आणला.

बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका व स्टॅफिलोकोकस हे जंतूही आढळतात. पैकी बोर्डेटेला सशाला फारशी बाधा न करता गिनीपिगला गंभीर न्यूमोनिया देऊ शकतो. हे दोन प्राणी एकत्र ठेवू नयेत या नियमाचे एक कारण हेच. सशाचा पू लोण्यासारखा घट्ट असतो. तो सहजी वाहून जात नाही. म्हणून नाकामागील पोकळ्यांत, मध्यकर्णात किंवा फुप्फुसात गळू साचून रोग दीर्घकाळ घर करून राहतो. मध्यकर्ण व त्याच्याही आतील भाग ग्रासला गेल्यास मान एका बाजूला कलते.

परंतु प्रत्येक श्वसनकष्ट जंतुजन्य नसतो. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुरेसे गवत चघळावयास न मिळाल्यास वरच्या पटाशीच्या दातांची व दाढांची मुळे मागे सरकून अश्रुनलिका व नासिकापोकळीवर दाब आणतात. गवताची काडी नाकपुडीत अडकणे, हृदयविकार, छातीतील अर्बुद, आणि वयस्क मादीत गर्भाशयाच्या कर्करोगाचा फुप्फुसात झालेला प्रसार, हीही कारणे ध्यानी घ्यावी लागतात. तीव्र वेदना किंवा उष्माघात यांतही श्वास वाढतो. एकाच लक्षणामागे इतकी भिन्न कारणे असल्याने तर्काने औषध देणे अशास्त्रीय ठरते.

४. नाशिकचे हवामान आणि निवारा

पाळीव ससा हा आपल्याकडील रानसशाचा वंशज नव्हे. त्याचे पूर्वज आयबेरियन द्वीपकल्पातील, जमिनीत बिळे करून राहणारे. बिळातील तापमान दिवसरात्र फारसे बदलत नाही. नाशिकच्या सदनिकेतील लोखंडी जाळीच्या गॅलरीत नेमकी उलट स्थिती असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील या शहरात हिवाळी रात्रीचे तापमान १० अंशांखाली उतरते व दुपारी ऊन तापते. जिल्ह्यातीलच निफाड येथे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर, महाराष्ट्रातील अतिशय नीचांकी तापमानांच्या नोंदी होतात. उलट एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या घरात जातो. पश्चिमेकडील इगतपुरी व त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात पावसाळी ओल हा आणखी निराळा प्रश्न असतो.

यांपैकी थंडीची धास्ती सर्वांत अधिक घेतली जाते. प्रत्यक्षात कोरडी जागा, वाऱ्याच्या झोतापासून आडोसा व भरपूर गवत मिळाल्यास प्रौढ ससा थंडी चांगली सोसतो. अपाय होतो तो थंडीच्या भीतीने केलेल्या बंदिस्तीमुळे. प्लॅस्टिकचे पडदे लावून पिंजरा चोहोबाजूंनी झाकला, की मूत्रातून निघणारा अमोनिया आत कोंडतो. नाकाच्या अंतस्त्वचेवरील सूक्ष्म रोमके जंतू व धूळ बाहेर लोटण्याचे काम करतात. अमोनियाने त्यांचे कार्य मंदावते आणि एरवी निरुपद्रवी राहिलेला जंतू प्रबळ होतो. सशाचे नाक अंथरुणापासून काही अंगुळांवर असते. उभ्या माणसाला पिंजऱ्याचा दर्प जाणवत असेल, तर खाली ससा त्याहून तीव्र हवेत श्वास घेत आहे, असे समजावे. म्हणून ओले अंथरूण रोज काढणे, खालची बाजू अडवून वरची हवा खेळती ठेवणे, गवत घराबाहेर झटकून धूळ उडवून मग देणे, हे उपाय औषधाइतकेच महत्त्वाचे होत. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल व दिवाळीतील फटाक्यांचा धूर यांपासून पिंजरा दूर ठेवावा. द्राक्षबागेच्या बांधावरील गवत फवारणीचा अंश असण्याच्या शक्यतेमुळे वर्ज्य करावे.

उन्हाळ्याचा धोका मात्र खरा आहे. सशाला घामाच्या ग्रंथी नगण्य असतात व धापा टाकून अंग थंड करण्याची त्याची क्षमता तोकडी आहे. उष्णता मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांतून बाहेर पडते. भोवतालचे तापमान ३० अंशांच्या वर गेल्यास सावली, गार फरशी व भरपूर पाणी यांची सोय अनिवार्य ठरते. ज्याचे नाक आधीच अरुंद झाले आहे अशा सशाला उष्णतेने वाढलेला श्वास पुरविता येत नाही. जुनाट रोगी वैशाखात दगावतात ते यामुळेच.

५. तातडीच्या प्रसंगी

कष्टश्वास घेणाऱ्या सशाला सर्वप्रथम स्वस्थता द्यावी. झटापटीने प्राणवायूची गरज वाढते व केवळ भीतीनेही मृत्यू ओढवू शकतो. त्याला पोटावर, त्याने स्वतः निवडलेल्या स्थितीत बसू द्यावे. नाकपुड्यांवरील स्राव कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने हलकेच टिपावा. पिचकारीने अन्न वा पाणी भरवू नये. ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. गरम पाण्याची वाफही देऊ नये. उष्माघात असल्यास कान साध्या गार पाण्याने ओले करून वारा घालावा. बर्फाच्या पाण्यात बुडविणे घातक होय.

पशुवैद्याला आगाऊ कळवून निघावे, म्हणजे प्राणवायूची सिद्धता ठेवता येते. हवेशीर पेटी वापरावी, आणि उन्हाळ्यात थांबणे शक्य नसल्यास पेटीशेजारी कापडात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली ठेवावी. चिकित्सालयातही क्रम असाच हवा : आधी प्राणवायू व विश्रांती, नंतर तपासणी, आणि प्राणी सावरल्यावर क्ष-किरण चित्र. निदानाच्या घाईने रोगी गमावणे हा विपर्यास होय.

६. औषधयोजना व दीर्घ शुश्रूषा

नाकाच्या खोल भागातील स्रावाचे जंतुसंवर्धन करून प्रतिजैविक निवडणे श्रेयस्कर. येथे एक इशारा अटळ आहे. घरातील शिल्लक अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन वा क्लिंडामायसिन सशाला तोंडावाटे कधीही देऊ नये. सशाचे पचन त्याच्या मोठ्या आतड्यातील उपयुक्त जंतूंवर चालते. ही औषधे त्यांचा नाश करून विषारी क्लॉस्ट्रिडियम जंतूंना रान मोकळे करतात आणि ससा मूळ रोगाने नव्हे तर अतिसाराने मरतो. पशुवैद्य काही प्रसंगी पेनिसिलिन टोचून देतो, यावरून ते पाजणेही निर्धोक आहे, असा निष्कर्ष काढू नये.

उपचार अनेक आठवडे चालतात. सलाइनचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे दिल्याने घट्ट स्राव सैल होतो. श्वास सावरल्यानंतर आहाराकडे लक्ष द्यावे. दहा-बारा तास काहीही न खाल्लेल्या सशाचे आतडे मंदावते, आणि फुगलेले पोट पुन्हा श्वासपटलावर दाब आणते. नवा ससा आणल्यास त्याला काही आठवडे वेगळे ठेवावे.

जुनाट रोगात जंतूचे समूळ उच्चाटन बहुधा साधत नाही, हे पालकास आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तेथे यशाचे माप कोरडे नाक हे नसून, शांत झोप, चाऱ्याची ओढ व स्थिर वजन हे आहे. विश्रांतीतील श्वासाची रोजची गणना व आठवड्याचे वजन यांची साधी वही ठेवल्यास ऱ्हास लक्षणांच्या आधी ध्यानी येतो. औषधे चालू असूनही ससा झोपू शकत नसेल व खात नसेल, तर त्याचे क्लेश वेदनारहित रीतीने संपविण्याचा विचार पशुवैद्याबरोबर करणे हाही शुश्रूषेचाच भाग होय.

तात्पर्य, सशाच्या श्वासाला एकच वाट आहे. ती अरुंद होऊ लागल्याचे वेळीच ओळखणे हे पालकाचे, ती का अरुंद झाली हे शोधणे हे पशुवैद्याचे, आणि ती मुळात मोकळी राहील अशी हवा पुरविणे हे घराचे काम आहे. यांपैकी शेवटचे काम सर्वांत स्वस्त असून सर्वाधिक उपेक्षित आहे.