जुनी फ्लॉपी सापडली? 'फॉरमॅट' दाबण्याआधी हे वाचा

दिवाळीची साफसफाई करताना किंवा सोसायटीचं जुनं कपाट उघडल्यावर कधीकधी एखादी चौकोनी प्लॅस्टिकची फ्लॉपी हाती लागते. वर चिठ्ठी असते, 'सभासद यादी' नाहीतर 'हिशेब'. बहुतेक ठिकाणी ती थेट भंगारात जाते. पण आतल्या नोंदींची दुसरी प्रत कुठेच नसेल, तर त्या कायमच्या गेल्या. म्हणून टाकण्याआधी एकदा तपासून बघा.

फ्लॉपीच्या आत पातळ, लवचिक चकती असते आणि तिच्यावर चुंबकीय थर असतो. साडेतीन इंची फ्लॉपीत फक्त १.४४ एमबी मावतं. आजच्या मोबाइलचा एक फोटोसुद्धा बऱ्याचदा त्याहून मोठा असतो. आयबीएम कंपनीने १९७१ मध्ये फ्लॉपी बाजारात आणली. सोनीने २०११ मध्ये जपानमधली विक्री थांबवली. तरीही जपानच्या सरकारी कामात फ्लॉपीवर माहिती देण्याचे नियम २०२४ पर्यंत होते!

फ्लॉपी वाचायची कशी?

१. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह लागते. ती ऑनलाइन मिळते आणि साध्या कॉम्प्युटरला जोडता येते. तालुक्यातल्या जुन्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडेही विचारून बघा.

२. आधी फ्लॉपी लॉक करा. मागच्या बाजूला कोपऱ्यात सरकणारी छोटी खिटी असते. ती सरकवून भोक उघडं ठेवलं की फ्लॉपीवर चुकून काही लिहिलं किंवा पुसलं जात नाही.

३. पत्र्याची झडप हळूच सरकवून चकती बघा, पण बोट लावू नका. पांढरे डाग दिसले तर ती ओलीमुळे आलेली बुरशी असू शकते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. ड्राइव्हचं हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीचंही नुकसान होतं.

४. 'डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?' असं स्क्रीनवर आलं तर 'नो' दाबा. त्याचा अर्थ माहिती गेली असाच होत नाही. एका ड्राइव्हवर न चालणारी फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर चालू शकते.

५. फ्लॉपी उघडली की आधी सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करा. मगच एकेक फाइल उघडा.

मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तरी फाइल डिलीट करू नका. त्या काळी श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरायचे. तो फॉन्ट टाकला किंवा कन्व्हर्टरने युनिकोड केलं की मजकूर वाचता येतो.

पेनड्राइव्ह, मेमरी कार्डचंही तेच

'आता फ्लॉपी कोण वापरतं?' असं वाटेल. पण मोबाइलचं कार्डही एक दिवस असंच 'फॉरमॅट करा' म्हणतं. घाईत 'हो' दाबलं की लग्नाचे फोटो आणि सातबाऱ्याचे स्कॅन गेलेच म्हणून समजा. अशा वेळी कार्ड काढा, रीडरमधून कॉम्प्युटरला लावून बघा. तरी उघडलं नाही तर त्यावर नवीन काहीही न टाकता जाणकाराकडे न्या.

वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिलेल्या पेनड्राइव्हमधली माहितीही हळूहळू पुसट होते. वर्षातून एकदा तरी लावून फाइली उघडतात का ते बघा. अगदी स्वस्तात 'एक टीबी' म्हणून विकली जाणारी कार्डं बरेचदा खोटी असतात. ती भरल्यासारखी दिसतात, पण फाइल उघडत नाही.

महत्त्वाचं काहीही एकाच ठिकाणी ठेवू नका. एक प्रत कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवा. दुसरी गूगल ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या घरच्या माणसाकडे द्या. सोसायटीच्या आणि ग्रामपंचायतीच्या नोंदींची छापील प्रतही फाइलला लावून ठेवा. ती वाचायला कुठलीच ड्राइव्ह लागत नाही.