पाच, सहा आणि भास्कराचार्यांचा चौरस

पुण्यात कोथरूडमध्ये दहावीच्या क्लासची पाटी नसलेली गल्ली सापडणं अवघड. डहाणूकर कॉलनीत संध्याकाळी पाय मोकळे करायला निघावं, तर कुठल्या तरी पहिल्या मजल्यावरून ‘गुणाकार सहा, बेरीज पाच’ कानावर येतंच. समीकरण ओळखीचं: क्ष² + ५क्ष + ६ = ०. मधल्या पदाची फोड करायची, कंस पाडायचे, (क्ष + २)(क्ष + ३) = ०. गुणाकार शून्य, म्हणजे दोघांपैकी एक तरी शून्य. म्हणून क्ष उणे दोन किंवा उणे तीन. उजवीकडे शून्याऐवजी बारा असते, तर हेच कंस पाडून काही हाती लागलं नसतं. सगळी अवयव पद्धत शून्याच्या या एका गुणावर उभी आहे आणि क्लासमध्ये नेमकं तेच घाईत उरकलं जातं.

इतिहासही घाईतच उरकतो. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर वर्गसमीकरणाची गणितं आहेत, ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये नियम दिला, श्रीधराचार्यांनी वर्ग पूर्ण करण्याची सुटसुटीत रीत दिली. सगळं एका बाजूला आणून कंसांचा गुणाकार मांडणं इंग्लंडच्या टॉमस हॅरियटच्या पुस्तकात दिसतं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६३१ मध्ये छापलं गेलं.

आता माझी आवडती गंमत. त्याच समीकरणात सहाचं चिन्ह बदला: क्ष² + ५क्ष − ६. याचेही अवयव पडतात, (क्ष + ६)(क्ष − १). असं क्वचितच घडतं. ७ आणि १० घेऊन पाहा. अधिक दहाला पडतात, उणे दहाला अडतं. पण १३ आणि ३० घेतले तर पुन्हा दोन्हीकडे जमतं: ३ आणि १०, नाहीतर १५ आणि उणे २. १७ आणि ६० लाही जमतं.

५, १३, १७ हे कशाचे आकडे? ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७ या काटकोन त्रिकोणांचे कर्ण! आणि ६, ३०, ६० ही त्यांचीच क्षेत्रफळं. कारण भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तल्या आकृतीत आहे. कर्णावर चौरस काढा, आत चारही बाजूंना तोच त्रिकोण बसवा. मध्ये छोटा चौरस उरतो, त्याची बाजू म्हणजे दोन भुजांमधला फरक. ३-४-५ साठी २५ − २४ = १. तेच चार त्रिकोण बाहेरून लावले तर २५ + २४ = ४९, सातचा चौरस. १ आणि ४९ हेच आपल्या दोन समीकरणांचे विवेचक, म्हणजे मधल्या सहगुणकाचा वर्ग वजा शेवटच्या पदाची चौपट. दोन्ही पूर्ण वर्ग, म्हणून दोन्हीचे अवयव पडतात. उलटही खरं: पूर्णांकांची अशी जोडी जिथे जमते, तिथे काटकोन त्रिकोण असतोच.

१११४ साली जन्मलेल्या या माणसाला गणितात माकडंही चालायची. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतोय, बारा टेकडीवर, एकूण किती? ४८ किंवा १६, दोन्ही त्यांना मान्य. दुसऱ्या कळपात पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला तेवढी गुहेत, एक झाडावर. उत्तरं ५० आणि ५. इथे मात्र पाच नाकारलं. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे जाणार? वर्ग घेतला की उणेपण लपतं, पण त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. आमच्या पुस्तकांतल्या आगगाड्यांपेक्षा ही माकडं मला कधीही पसंत.

याच भास्कराचार्यांच्या नावानं श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात प्रतिष्ठान काढलं. कोथरूडहून नळ स्टॉप ओलांडला की लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला दामले पथावर ते आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात आयुष्य घालवलेल्या या गणितीचा हट्ट असा, की शाळेतल्या बीजगणितात बैजिक भूमितीचे मोठे प्रश्न सोडवण्याची ताकद आहे. तिथून जाताना मला हटकून त्या जोड्या आठवतात. २५ च्या दोन निघतात, ८४ आणि १५० बरोबर. ६५ च्या चार: ५०४, ७५०, ९२४ आणि १०१४. पहिलीचे अवयव ९ आणि ५६, चिन्ह बदललं की ७२ आणि उणे ७. उरलेल्या तिन्हींचे अवयव वाचकांनी पाडावेत.