हायब्रिड मोटारीतील बॅटरी : लहान साठा, मोठे कार्य

शहरातील रस्त्यावर धावणारी मोटार चौकाचौकात थांबते, पुन्हा निघते आणि पुन्हा थांबते. पेट्रोल जाळून मिळविलेली गती प्रत्येक वेळी ब्रेक दाबताच उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा अपव्यय टाळण्याच्या प्रयत्नांतूनच पेट्रोल एंजिन आणि विद्युत् मोटर अशा दोन्ही शक्तींवर चालणारी हायब्रिड मोटार विकसित झाली. टोयोटा कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये ‘प्रियस’ विक्रीस आणली. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली या प्रकारची ती पहिली मोटार होय. भारतात ती २०१० मध्ये आली. २०२२ पासून ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस यांसारख्या हायब्रिड मोटारी आपल्याही रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. साहजिकच या मोटारीतील बॅटरीची माहिती केवळ वाहनमालकांनाच नव्हे, तर अपघातस्थळी प्रथम पोहोचणाऱ्यांना आणि गावाच्या कचऱ्याची व्यवस्था पाहणाऱ्यांनाही असणे आवश्यक झाले आहे.

पाण्याच्या टाकीसारखे कार्य

ही बॅटरी म्हणजे पेट्रोलऐवजी वापरावयाचा साठा नव्हे. तिचे कार्य नळपाणी पुरवठा योजनेतील उंच टाकीशी मिळतेजुळते आहे. विहिरीवरील पंप एकाच संथ गतीने चालतो. सकाळी मागणी वाढली की टाकीतील पाणी उपयोगी पडते आणि मागणी ओसरली की टाकी पुन्हा भरते. त्याचप्रमाणे मोटार सुरू होताना व वेग घेताना लागणारी जादा शक्ती बॅटरी पुरविते. त्यामुळे एंजिनावर एकाएकी भार पडत नाही आणि ते कमी इंधनात चालते. मोटार चौकात थांबली की एंजिनही बंद होते.

ब्रेक दाबताच या यंत्रणेचे वैशिष्ट्य प्रत्ययास येते. चाकांना फिरविणारी मोटर आता चाकांकडूनच फिरविली जाते व जनित्राचे काम करू लागते. त्यातून निर्माण होणारी वीज बॅटरीत साठते आणि मोटारीचा वेगही कमी होतो. एकदम थांबावयाचे असल्यास नेहमीचे ब्रेक मदतीस असतातच. बॅटरीतील वीज एकदिश, तर मोटरला लागणारी प्रत्यावर्ती असते. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो.

रचना आणि क्षमता

२००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये निकेल-धातू हायड्राइड प्रकारचे १६८ घट एकापुढे एक जोडलेले होते. प्रत्येक घटाचे एक अग्र निकेलच्या संयुगाचे, तर दुसरे हायड्रोजन शोषून घेणाऱ्या मिश्रधातूचे असते. दोहोंमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. प्रत्येक घटाचा दाब १.२ व्होल्ट, म्हणून सर्वांचा मिळून २०१.६ व्होल्ट होतो. मात्र या संपूर्ण बॅटरीत सुमारे १.३ युनिट एवढीच वीज मावते आणि केवळ तिच्यावर मोटार एक-दोन किलोमीटरच जाऊ शकते. अलीकडील अनेक मोटारींत वजनाने हलक्या लिथियम-आयन बॅटरी वापरल्या जातात; इनोव्हा हायक्रॉसमध्ये मात्र निकेलचाच प्रकार आहे.

एवढी लहान बॅटरी कशी पुरते, हे साध्या हिशेबावरून समजेल. १,३०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या गतीत सुमारे ०.०७ युनिट ऊर्जा असते. एका थांब्याला साठवावयाची वीज याहूनही कमी, आणि ती पुढच्याच क्षणी खर्च व्हावयाची असते. घाटात मात्र परिस्थिती पालटते. हीच मोटार ५०० मीटर उंचीवरून खाली उतरताना सुमारे पावणेदोन युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातील काही हवेच्या व रस्त्याच्या विरोधात खर्च झाली, तरी बॅटरी लवकर भरते आणि पुढील उतारावर ब्रेकची वीज घेण्यास तिच्यात जागा उरत नाही. म्हणून लांब उतारावर एंजिनाचा रोध वापरणेच हितावह असते. प्रियसमध्ये त्यासाठी गिअरची ‘बी’ ही स्वतंत्र स्थिती आहे.

अर्धी भरलेली का?

नियंत्रण करणारा संगणक ही बॅटरी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. प्रियसमध्ये ती साधारणतः ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवली जाते. दोन्ही टोके टाळल्याने घटांचे आयुष्य वाढते आणि देण्यास वीज व घेण्यास जागा सदैव शिल्लक राहते. बॅटरीचा दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. अनेक मोटारींत आसनाजवळील जाळीतून पंखा बॅटरीला हवा पुरवितो. ही जाळी सामानाने झाकली जाऊ नये व धुळीने तुंबू नये.

दक्षता

एंजिनाचा आवाज येत नाही, म्हणून मोटार बंद आहे असे समजू नये; ती निःशब्दपणे पुढे सरकू शकते. उच्च दाबाच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. मोटार बंद केल्यावर, तसेच एअरबॅग उघडण्याइतका आघात झाल्यास, बॅटरीचा बाहेरील संबंध आपोआप तुटावा अशी योजना असते. तरीही बॅटरीच्या आतील दाब कायम राहतो आणि इन्व्हर्टरमधील वीज ओसरण्यास काही मिनिटे लागतात. म्हणून बचावकार्यात नारिंगी तारा कापू नयेत, त्यांना हातही लावू नये.

आयुष्य संपलेल्या बॅटरीची विल्हेवाट हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटरी परत घेऊन त्यांचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अशा बॅटरी जमिनीत पुरण्यास वा जाळण्यास मनाई आहे. निकेल, कोबाल्ट यांसारखे मौल्यवान धातू त्यांतून परत मिळविता येतात. उघड्यावर फोडल्यास मात्र दाहक द्रावण बाहेर पडून माणसांना व मातीला अपाय होतो. भंगाराच्या दुकानात येणारी प्रत्येक बॅटरी अधिकृत केंद्राकडेच जावी, याकडे ग्रामपंचायतींनी लक्ष दिल्यास आणि त्यामागील कारण शिक्षकांनी विद्यार्थ्यांना समजावून दिल्यास, इंधन वाचविणारे हे साधन गावाच्या आरोग्यास बाधक ठरणार नाही.