विमान बांधणाऱ्याचा नकाशा

घरी विमान बांधता येते का? येते. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी 2016 मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले होते. 2017 मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदही झाली. पण विमानाची रचना स्वतः करणे सर्वांना जमत नाही. म्हणून अमेरिकेसारख्या देशांत हौशी लोक सुट्या भागांचा संच विकत घेतात आणि सोबतचा नकाशा पाहून विमान जोडतात. नकाशा म्हणजे येथे आराखडा. उर्दूत आपण त्याला खाका म्हणतो.

आराखडा काढणारा इंजिनिअर असतो. वाचणारा मात्र शिक्षक किंवा दुकानदारही असू शकतो. 'नट घट्ट बसवा' असे लिहिले, तर त्याने काय समजावे? जोर जास्त झाला तर बोल्ट ताणला जातो, कमी पडला तर नट सैल होतो. म्हणून जोर आकड्यात सांगावा लागतो, आणि तो आकडा चित्राशेजारीच हवा. मापांचेही तसेच आहे. अमेरिकी आराखड्यात मापे इंचांत असतात. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. कोणी सोयीसाठी 25 धरले, तर 40 इंचांच्या पट्टीत 16 मिलिमीटरची तूट येते. टेबल असते तर नुसते डुगडुगले असते. विमान हवेत बाजूला उभे करता येत नाही!

आता एक सोपे उदाहरण घ्या. पेण स्टेशनवरून रोह्याला निघालेल्या पाहुण्याला तुम्ही काय सांगाल? 'गाडीत बसा आणि रोह्याला उतरा' एवढेच? त्यापेक्षा असे सांगा : आधी कासू येईल, मग नागोठणे, मग निडी, त्यानंतर रोहा. हमरापूर दिसले, तर गाडी उलट दिशेची आहे. आता पाहुण्याला आपली चूक पहिल्याच स्टेशनवर कळेल. चांगल्या आराखड्यातही अशी स्टेशने असतात.

अमेरिकेचे बर्ट रुटान यांनी 1970 च्या दशकात हौशी लोकांसाठी आराखडे विकले. त्यांची विमाने फोम आणि काचतंतूंच्या कापडाची असत. कामाच्या क्रमानेच त्यांनी सूचना लिहिल्या, अगदी शेजारी बसून सांगावे तशा. काही आकार मूळ मापातच छापले. कागद ठेवून गिरवायचे, गणित नाही. मला सर्वांत आवडते ती गोष्ट वेगळीच. पंखाला हात लावण्याआधी ते वाचकाकडून सरावाचा लहान तुकडा करून घेत आणि त्याचे वजन करायला सांगत. तुकडा जड भरला, तर चिकटद्रव्य जास्त झाले.

पुढे काही कंपन्या पत्र्यांना कारखान्यातच भोके पाडून देऊ लागल्या. दोन पत्र्यांची भोके एकमेकांवर आली, की भाग आपोआप जागेवर बसतो. ती जुळली नाहीत तर ड्रिल उचलू नये. तुकडा उलटा धरला आहे का, ते आधी पाहावे.