फाइल कोणाच्या टेबलावर?

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर परिसरात इसापूर धरणाच्या पाण्यावर केळी पिकते आणि एका वादळात उभी बाग आडवी होते. मग पंचनामा. त्यासाठी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी मिळून बांधावर जायचं असतं. तिघे तीन खात्यांचे, तिघांचे साहेब वेगळे. एकाने चालढकल केली की उरलेल्या दोघांचं काम अडतं आणि शेतकऱ्याची भरपाई लांबते. अशा वेळी जबाबदार कोण, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राचं प्रशासन गेली चाळीस वर्षं शोधत आलं आहे.

या शोधातला पहिला मोठा टप्पा अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. 1982 च्या सुमारास तिथे जिल्हाधिकारी असलेल्या अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची घडीच बदलली. कोणी कुठे बसायचं, कोणत्या टेबलावर कोणतं काम, हे ठरलं. जुनं दप्तर अ, ब, क, ड अशा वर्गांत लागलं. प्रत्येक कारकुनाच्या कागदांची सहा गठ्ठ्यांत विभागणी झाली: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची.

वरवर पाहता ही फक्त आवराआवर. पण तिने दोन गोष्टी साधल्या. कोणाकडे किती काम पडून आहे, हे साहेबाला आणि शेजारच्या टेबलालाही दिसू लागलं. आणि मुकाट काम ओढणाऱ्या कर्मचाऱ्याचं कामही पहिल्यांदा नजरेत आलं. ‘लखिना पॅटर्न’ पुढे राज्यभर गेला. मात्र मांडणीमागची शिस्त रोज पाळणारा वरिष्ठ जिथे नव्हता, तिथे गठ्ठ्यांवर पुन्हा धूळ बसली.

दुसरा टप्पा कायद्याचा. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यातून बदल्यांचं विनियमन आणि दिरंगाई रोखण्याचा 2005 चा अधिनियम आला. एका कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, तातडीची 4 दिवसांत निघावी, असं त्यात लिहिलं गेलं. अकारण बदलीपासून संरक्षणही त्याच कायद्याने दिलं. हे फार मोलाचं होतं. ज्या माणसाला उद्या आपण या खुर्चीवर असू की नाही याची खात्री नाही, तो कामात जीव कसा ओतणार?

तिसरा टप्पा थेट नांदेडचा. जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी 2010 च्या आसपास कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम हाती घेतली. 2011 मध्ये तिथल्या शाळांची पटपडताळणी झाली. हजेरीपटावरची मुलं खरोखर वर्गात आहेत का, हे तपासायचं होतं. ‘नांदेड पॅटर्न’ पाहून सरकारने 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर तीच मोहीम राबवली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली गेली. तपासणीचं काम शिक्षण खात्यावरच न सोडता महसुली यंत्रणेलाही त्यात उतरवलं गेलं. राज्यात सुमारे 20 लाख विद्यार्थी फक्त कागदावर असल्याचं उघड झालं. हजारो कर्मचाऱ्यांनी इतकं अवघड आणि नकोसं काम तडीस नेलं, कारण नियम सगळ्यांना सारखा होता, तारीख ठरलेली होती आणि नेमून दिलेली शाळा कोणाची, हे नावानिशी माहीत होतं.

पुढची पावलं झपाट्याने पडली. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने प्रत्येक सेवेला मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि तीन अपिलं दिली. कसुरीला 500 ते 5,000 रुपये दंड ठेवला. 2017 मध्ये पुणे विभागात आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ राबवून साचलेल्या फायलींचा निपटारा करायला घेतला. 2025 च्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात सरकारी कार्यालयांचं जाहीर मूल्यमापन झालं.

या वाटचालीत एक उणीव मात्र राहून गेली आहे. दंड एका अधिकाऱ्याला होतो, पण काम होतं अनेकांच्या हातून. पंचनाम्यातल्या तिघांना आजही तीन वेगळ्या कार्यालयांत हिशेब द्यावा लागतो. तहसील पातळीवर या तिघांची आठवड्यातून एकदा एकत्र बैठक घ्यावी, गावनिहाय झालेलं आणि राहिलेलं काम नावांसह फलकावर लावावं, आणि वेळेत काम पुरं करणाऱ्या पथकाचं नावही तिथेच झळकावं. यासाठी नवा कायदा लागत नाही, जादा निधीही लागत नाही. तोवर नागरिकांनीही आपला वाटा उचलावा. अर्ज दिला की तारखेची पोच घ्यावी, पदनिर्देशित अधिकारी कोण ते विचारावं आणि मुदत उलटली तर अपील करावं. तो हक्क 2015 पासून आपल्या हातात आहे.