घाटात बंद पडलेल्या पिकअपचे निदान

कांदा, दूध किंवा भाजीपाला भरलेली जुनी पिकअप करंजी घाट चढताना दोन-तीन आचके देते आणि बंद पडते. चालक सेल्फ मारतो, पुन्हा मारतो आणि पाच-दहा मिनिटांत चांगली बॅटरीही उतरते. एक दुखणे होते, त्याची दोन होतात. नेप्ती किंवा घोडेगावच्या कांदा बाजारात लिलावाच्या वेळेत पोचायचे असेल, तर हा खोळंबा थेट खिशाला लागतो. गाडी नेमकी कशी बंद पडली, हे आधी शांतपणे आठवले, तर पाना हातात घेण्यापूर्वीच दोषाचा बराचसा माग लागतो.

त्याआधी सुरक्षितता. इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही थांबते. साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो. नंतर पेडल कडक होते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. म्हणून घाटात गाडी उतारावर सोडून चालू करण्याचा प्रयत्न करू नये. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना मोठे दगड लावावेत आणि धोक्याचा त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा.

आता इंजिनाकडे वळू. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 मध्ये यशस्वीपणे चालले, ते ठिणगीशिवाय. आजही तत्त्व तेच आहे. सिलिंडरमधली हवा दाबून साधारण विसाव्या हिश्श्याइतकी केली की तिचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटते. म्हणजे हवा, दाब आणि वेळेवर मिळणारे डिझेल या तीन गोष्टी लागतात. चालत्या गाडीत हवा आणि दाब सहसा एकाएकी नाहीसे होत नाहीत. त्यामुळे पहिला संशय डिझेलवर घ्यावा.

पहिला प्रश्न : गाडी कशी बंद पडली? ताकद कमी होत, आचके देत थांबली असेल, तर डिझेल अपुरे मिळत आहे. दिव्याचे बटण बंद करावे तशी एकदम थांबली असेल, तर विजेकडे बघावे. अनेक जुन्या पंपांवर डिझेल सोडणारा सोलेनॉइड असतो. त्याची वायर निघाली किंवा फ्यूज उडाला की डिझेल तिथेच अडते. तापमानाचा काटा लाल भागात जाऊन गाडी थांबली असेल, तर मात्र सेल्फ मारूच नये. इंजिन थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले उकळते पाणी उसळून चेहरा भाजतो.

दुसरा प्रश्न : सेल्फ कसा फिरतो? नुसता 'टक' आवाज येत असेल किंवा दिवे मंदावत असतील, तर बॅटरी आणि तिची टर्मिनल तपासावीत. सेल्फ जोमाने फिरत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नये. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये विश्रांती द्यावी.

तिसरा प्रश्न : सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? अजिबात येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे, पण पेटत नाही.

डिझेल पोचत नसेल, तर टाकीपासून पुढे चालत यावे. टाकीचे झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि नंतर गाडी चालू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. थोडा वेळ थांबल्यावर गाडी चालू होते आणि पुढच्या चढावर पुन्हा मरते, तेव्हा टाकीतला गाळ किंवा चोंदलेला फिल्टर हे कारण असू शकते. सपाटीवर लागणारे थोडे डिझेल त्यातून जाते. चढावर भरल्या गाडीला जास्त लागते, तेव्हा ते कमी पडते. फिल्टरच्या तळातून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून बघावे. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी खाली वेगळे दिसते.

'गाडीने एअर घेतली' असे मेकॅनिक म्हणतात, तो दोष फसवा असतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते. तिथे बारीक चीर पडली, तर डिझेल बाहेर ठिबकण्याऐवजी हवा आत शिरते. त्यामुळे नळी बाहेरून कोरडी दिसते. जुन्या पद्धतीच्या पंपात फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँडपंप मारत राहिले, की आधी बुडबुडे आणि मग सलग डिझेल येते. पण चीर बुजवली नाही, तर गाडी पुन्हा एअर घेणारच.

कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत हा स्क्रूचा प्रयोग पंपाच्या पुढच्या नळ्यांवर करू नये. तिथला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो. अशी बारीक धार कातडीतून थेट आत घुसते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आतला भाग सडून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. लगेच रुग्णालय गाठावे. या गाड्यांत इंजिन गरम झाल्यावर क्रँक सेन्सर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतो, असेही घडते. त्यासाठी स्कॅनर लागतो.

नळी तोंडात धरून डिझेल ओढण्याची सवय त्याहून जास्त दिसते आणि तीही तितकीच घातक आहे. डिझेल पातळ असल्याने ठसका लागताच ते श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसांना सूज येते. गिळले गेल्यास उलटी करवू नये. उलटीतून ते पुन्हा फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. खोकला, धाप किंवा ताप आला, तर उद्यावर न ढकलता डॉक्टरांकडे जावे. पंधरा मिनिटांनी बरे वाटले, म्हणून धोका टळला असे नाही. लक्षणे काही तासांनीही वाढतात. डिझेल काढायला साधा हातपंप गाडीत ठेवावा.

मेकॅनिकला फोन करताना 'गाडी बंद पडली' एवढेच सांगू नये. आचके देत थांबली की एकदम, सेल्फ कसा फिरतो, धूर येतो का, डिझेल शेवटी कुठे आणि कशातून भरले, फिल्टर कधी बदलला, हे सांगावे. या पाच उत्तरांवरून त्याला सोबत काय आणायचे ते कळते आणि दुसरी फेरी वाचते. पावसाळ्यात ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांनी फिल्टरच्या तळातले पाणी दर आठवड्याला काढले, तर त्या पाण्यामुळे घाटात अडकण्याची वेळ सहसा येत नाही.